मदत हवी आहे: जुनी मियाटा घ्यावी की जीटी८६?

मंडळी, रिअर-व्हील ड्राइव्ह (इंजिनाची ताकद मागच्या चाकांना) सेकंडहँड स्पोर्ट्स कार घ्यायची आहे. मॅन्युअल गिअरच हवेत, बजेट बेताचं. गाडी फक्त सुट्टीच्या दिवशी, वळणावळणाच्या रस्त्यांवर काढायची.

मन माझदा मियाटा या उघड्या टपाच्या गाडीच्या दुसऱ्या पिढीवर (१९९८ ते २००५) बसलंय. वजन जेमतेम हजार-अकराशे किलो, इंजिन साधं. पण दाराखालचे सिल (पत्र्याच्या पोकळ पट्ट्या) गंजतात, तेही आतून. परवा अशीच उघड्या टपाची एक जुनी गाडी पाहिली. बाहेरून चकाचक, पण सीटमागचं कार्पेट दाबलं तर हाताला पाणी लागलं! टपाचं पाणी वाहून नेणारी नळी पाल्याने तुंबलेली. मालक म्हणतो, "कालच धुतली."

दुसरा पर्याय टोयोटा जीटी८६. २०१२ नंतरची, म्हणजे वयाने लहान. दोन लिटरचं बॉक्सर (आडव्या, समोरासमोर सिलिंडरचं) इंजिन, सुमारे २०० हॉर्सपॉवर. मागे सीटही आहेत, निदान बॅगेपुरत्या. निसान ३५०झेडचा मोह होतो, पण साडेतीन लिटरच्या, सहा सिलिंडरच्या व्ही६ इंजिनाची तहान माझ्या खिशाला झेपणार नाही.

ज्यांनी वापरल्यात त्यांनी सांगा, सिल तपासताना नेमकं कुठे टोकरून बघायचं? आणि ट्रॅकवर पिदडलेली जीटी८६ ओळखायची कशी?