एचव्हीडीसीत थायरिस्टरऐवजी प्लाझ्मा स्विच का नको?

वर्धारोडकर
चंद्रपूर–पडघे ही एचव्हीडीसी, म्हणजे उच्च व्होल्टेजची डीसी वीज नेणारी लाइन ±५०० केव्ही, १५०० मेगावॅटची. एक थायरिस्टर (सिलिकॉनचा स्विच) जेमतेम काही केव्ही झेलतो, म्हणून एकेका व्हॉल्व्हमध्ये (एसी-डीसी बदल करणाऱ्या स्विचमध्ये) त्यांची लांबलचक माळ लावायची, आणि प्रत्येकाला वेगळा स्नबर (व्होल्टेजचे झटके शोषणारं सर्किट), वेगळं गेटिंग (चालू करायचा सिग्नल). उलट कमी दाबाच्या हायड्रोजनची एकच नळी, म्हणजेच प्लाझ्मा स्विच, शंभर केव्ही अडवू शकते. दाब इतका कमी की इलेक्ट्रॉनला वाटेत रेणू क्वचितच भेटतो, त्यामुळे ब्रेकडाउन होत नाही, म्हणजे बंद नळीतून वीज फुटून वाहत नाही. नागपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत यावर काम का होत नाही? जो तो आयजीबीटीच्या (तोही सिलिकॉनचाच स्विच) मागे!

कोराडी_टेस्टिंग
भाऊ, हे जगाने करून पाहिलंय. स्वीडनच्या गोटलँड बेटाच्या एचव्हीडीसी लिंकवर १९५४ साली पाऱ्याच्या वाफेतून वीज नेणारे व्हॉल्व्हच होते, २० मेगावॅटला. आर्क-बॅक व्हायचा, म्हणजे बंद असायला हवा त्या वेळी व्हॉल्व्ह उलट दिशेने पेटायचा. १९७० मध्ये तिथेच थायरिस्टर आले.

वर्धारोडकर
पाऱ्याचे थेंब ॲनोडवर (धन इलेक्ट्रोडवर) बसणं हे आर्क-बॅकचं एक मोठं कारण होतं. हायड्रोजनमध्ये पाराच नाही. गोटलँडच्या अनुभवावरून नव्या नळीला बाद करू नका.

हिंगणा_एमआयडीसी
पण चालू असताना नळीत वाया जाणाऱ्या व्होल्टेजचं, ड्रॉपचं काय? ग्लो डिस्चार्जमध्ये (वायू चमकत वीज वाहतो तेव्हा) काहीशे व्होल्ट पडतात. ३०० धरले तरी १५०० अँपिअरला करंट वाहत असताना ४५० किलोवॅट उष्णता एकाच नळीत!

वर्धारोडकर
माळेचाही हिशेब करा की. शंभर थायरिस्टर, प्रत्येकी दीड-दोन व्होल्ट, झाले दीडशे-दोनशे. फरक आहे, पण आभाळाएवढा नाही.

कोराडी_टेस्टिंग
ड्रॉपचा मुद्दा मी सोडतो. खरं दुखणं कॅथोडचं (ऋण इलेक्ट्रोडचं) आहे. आयन सतत आदळून धातू उडतो, इन्सुलेशनवर बसतो आणि नळीची व्होल्टेज अडवायची ताकदच जाते. शिवाय माळेतला एक थायरिस्टर गेला तर तो शॉर्ट होतो, बाकीचे भार झेलतात, लाइन चालू राहते. बदली पुढच्या शटडाउनला करता येते. तुमची एकुलती नळी गेली की पोल, म्हणजे लाइनची अर्धी बाजू, बंद. मे महिन्यात नागपूर ४५ अंशांवर असताना हा धोका कोण घेणार?

मेडिकल_चौक
कॅन्सरच्या लिनॅकमध्ये (किरणोपचाराच्या यंत्रात) मात्र हायड्रोजन थायरेट्रॉन (असेच वायूच्या नळीचे स्विच) अनेक वर्षं चोख काम करत आलेत. तिथे करंट काही मायक्रोसेकंदच वाहतो, म्हणून कॅथोड टिकतो.

वर्धारोडकर
म्हणजे अडलंय ते कॅथोडपाशी. द्रवधातूचा कॅथोड घेतला तर झीज आपोआप भरून निघते. प्रोजेक्ट त्याच्यावरच हवा.

कोराडी_टेस्टिंग
प्रोजेक्ट जरूर करा, प्रयोगशाळेत. माझ्या यार्डात थायरिस्टरच राहतील.