विश्वाचं वय १३.८ ऐवजी १५.८ अब्ज वर्षं येतंय. चूक कुठे असेल?

आर्द्रा:
स्प्रेडशीटमध्ये सपाट विश्वाचं वय काढतोय. आकडे प्लांक उपग्रहाचे, २०१८ चे: हबल स्थिरांक (विश्व पसरण्याचा आजचा दर, किमी/सेकंद प्रति मेगापार्सेक) ६७.४, एकूण घनतेत पदार्थाचा वाटा ०.३१५, कृष्ण ऊर्जेचा ०.६८५. रेडशिफ्ट (पसरणाऱ्या विश्वात प्रकाश किती ताणला गेला त्याचं माप) झेड ० ते ११०० च्या १००० समान पायऱ्या केल्या, प्रत्येक ठिकाणी १ ÷ [(१+झेड) × ई] काढलं आणि समलंब नियमाने बेरीज केली. ई म्हणजे ०.३१५(१+झेड)³ + ०.६८५ चं वर्गमूळ. उत्तर १५.८ अब्ज वर्षं. एककं तपासली, ९७७.८ ÷ ६७.४ = १४.५१ अब्ज वर्षं, तिथे गडबड नाही. ११०० ऐवजी ५००० पर्यंत जाऊ का? आणि ६७.४ च्या जागी ७३ घातलं तर कोणतं वय खरं धरायचं?

धूमकेतू:
५००० पर्यंत गेलात तर उत्तर आणखी बिघडेल. झेड ११०० च्या आधी विश्वाचं वय होतं जेमतेम ३.७ लाख वर्षं. तिथे काही हरवलेलं नाही. गोची दुसऱ्या टोकाला आहे. तुमची एक पायरी १.१ ची, आणि झेड ० ते १.१ मध्ये ८.३ अब्ज वर्षं बसतात. म्हणजे निम्म्याहून जास्त इतिहास तुम्ही एकाच समलंबात कोंबलाय. तिथे वक्र खाली झुकलेला असतो आणि समलंबाची तिरकी रेघ त्याच्या वरून जाते, म्हणून पहिल्याच पायरीत ८.३ चे १० होतात. दुसरीत २.४८ चे २.७५. पुढच्या पायऱ्यांत थोडं थोडं वाढून १५.८ होतात. उलट शेवटच्या सुमारे नऊशे पायऱ्या जवळपास शून्यच मिळवतात.

चल बदला. एक्स = मापक घटकाचा (अंतरं आजच्या किती पट, त्याचा) नैसर्गिक लॉगरिथम, म्हणजेच उणे लॉग(१+झेड). मग फक्त १ ÷ ई चं संकलन उरतं. एक्स −१२ पासून ० पर्यंत, पायरी ०.०१२. पायऱ्या तेवढ्याच, पण उत्तर १३.८०.

पडताळा सूत्राने घ्या: २ ÷ (३ × √०.६८५) गुणिले √(०.६८५ ÷ ०.३१५) चा व्यस्त हायपरबोलिक साइन. हा गुणक ०.९५१ येतो, गुणिले १४.५१. संकलन याच्याशी तिसऱ्या दशांशापर्यंत जुळलं नाही तर पुढे जाऊच नका.

गणिती:
भर घालतो. वयासाठी प्रारण (प्रकाश आणि न्यूट्रिनोंची ऊर्जा) सोडलं तरी चालतं, फरक एक कोटी वर्षांहूनही कमी. पण याच तक्त्यात दृश्य विश्वाची त्रिज्या काढायचा मोह होणारच (सगळ्यांना होतो), आणि तिथे मात्र ते सोडून चालत नाही. त्यासाठी १ ÷ ई ला (१+झेड) ने गुणून संकलन करा, एक्स −१५ पासून, आणि ई च्या वर्गात ०.००००९(१+झेड)⁴ मिळवा. त्रिज्या ४६ अब्ज प्रकाशवर्षांच्या थोडी वर यायला हवी. प्रारण विसरलात तर ती जवळपास ०.९ अब्ज प्रकाशवर्षांनी फुगते. सुरुवात झेड ११०० पासून केलीत तर ४५ च्या आसपास येईल. तेही चूक नाही, पण ते सीएमबीच्या (विश्वातल्या सर्वांत जुन्या प्रकाशाच्या) पृष्ठभागापर्यंतचं अंतर झालं.

मृग:
७३ बद्दल. नुसतं ७३.०४ घालून ०.३१५ तसंच ठेवलं की १२.७ अब्ज येतात, आणि लोक लगेच ‘वय एक अब्जाने घटलं’ म्हणतात. ही खिचडी आहे. प्लांकने ६७.४ थेट मोजलेलं नाही. सीएमबीवरून घट्ट बांधलं जातं ते त्यातल्या उष्ण-थंड ठिपक्यांचं कोनीय माप, आणि पदार्थाची घनता गुणिले (हबल ÷ १००)² हा गुणाकार, ०.१४३. ६७.४ आणि ०.३१५ ही जोडी त्यातून मॉडेल वापरून निघते. एक बदलून दुसरं जागेवर ठेवता येत नाही. ७३.०४ (± १.०४) हे सेफिड तारे आणि १ए प्रकारच्या सुपरनोव्हांच्या अंतर-शिडीवरून आलेलं, २०२२ चं मोजमाप. त्याच्या जोडीला सुपरनोव्हांचीच घनता, ०.३३४, घेतली तर वय १२.५ येतं, आणि मग सर्वांत जुन्या गोलाकार तारकागुच्छांना वेळ अपुरा पडू शकतो. माझं मत: प्रकल्पात दोन्ही जोड्या शेजारी मांडा आणि वयातला फरक लिहा. सरासरी मात्र काढू नका. ७० हा आकडा दोन्ही गटांपैकी कुणाचाच नाही.

आर्द्रा:
लॉगचा चल वापरून १३.८० आलं. एक्स शून्याच्या पुढे नेला तर भविष्यही निघेल ना?

धूमकेतू:
निघेल, सूत्र तेच. एक्स ० ते ०.६९३ करा: अंतरं आजच्या दुप्पट व्हायला सुमारे ११.२ अब्ज वर्षं. पुढे पदार्थ विरळ होत जातो आणि हबलचा दर ६७.४ × √०.६८५ = ५५.८ कडे टेकतो. तेव्हापासून दर १२.१ अब्ज वर्षांनी दुप्पट. हे कृष्ण ऊर्जा स्थिर असेल तरच. तिचा अवस्था-गुणांक (दाब आणि ऊर्जाघनता यांचं गुणोत्तर) −१ हून वेगळा घ्यायचा असेल तर ०.६८५ ला EXP[−३(१+गुणांक) × एक्स] ने गुणा. वरचं पडताळ्याचं सूत्र तेव्हा लागू पडत नाही. EXP मधलं उणे चिन्ह सुटलं तर उत्तर भूतकाळात फारसं हलत नाही, म्हणून चूक नजरेला येत नाही. भविष्यात मात्र मोठी तफावत पडते. म्हणून गुणांक −०.९ आणि −१.१ दोन्ही घालून बघा: −०.९ ला दुप्पट व्हायला जास्त वेळ लागला पाहिजे.