पाण्यात धूसर का दिसतं?

फोकस करण्याचं सगळं काम डोळ्यातलं भिंगच करतं, असं बऱ्याचदा म्हटलं जातं. ते पूर्ण बरोबर नाही. डोळ्याची एकूण ताकद साधारण ६० डायॉप्टर (प्रकाश वळवण्याची ताकद मोजायचं एकक). त्यातले ४० च्या वर एकट्या पारपटलाचे, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचे! हवेतून पारपटलात शिरतानाच प्रकाश सर्वात जास्त वळतो. भिंग मुख्यतः जवळ-लांबचं जुळवून घेतं, आणि चाळिशीत ताठर होतं तेही तेच.

विहिरीत बुडी मारून डोळे उघडले की तळाचे दगड नुसते डागांसारखे दिसतात. पाण्याचा अपवर्तनांक (पदार्थात शिरताना प्रकाश किती वळतो, हे ठरवणारा आकडा) १.३३, पारपटलाचा १.३७ च्या आसपास, म्हणजे जवळजवळ सारखाच, त्यामुळे प्रकाश तिथे जेमतेम वळतो. पोहण्याचा गॉगल लावला की डोळ्यापुढे पुन्हा हवा येते, कडा स्पष्ट होतात. माशांच्या डोळ्यात फोकस करण्याचा सगळा भार मात्र भिंगावरच, म्हणून ते जवळजवळ गोल असतं. शिजलेल्या मासळीच्या डोळ्यात पांढरी कडक गोळी सापडते ना, तेच ते.