पुस्तकं येतात, फक्त पुण्याच्या दुकानात दिसत नाहीत

'खानदेशातून नवीन काही येतच नाही, बहिणाबाई आणि नेमाड्यांवर गाडी थांबली' हे खानदेशी साहित्यावरच्या चर्चेत कुणीतरी मांडलेलं मत पटलं नाही. येतात की पुस्तकं! जळगाव-धुळ्याचा एखादा छोटा प्रकाशक थोड्या प्रती काढतो आणि पुढची विक्री लेखकाच्याच गळ्यात. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला साहित्य संमेलन आणि विद्रोही संमेलन एकाच वेळी भरलं, तेव्हा हे जवळून पाहिलं. टेबलामागे कवी स्वतःच बसलेला, सुट्ट्या पैशांसाठी शेजारच्या स्टॉलवाल्याला हाका मारतोय, सही करता करता विचारतोय, "तुमले अहिरानी वाचता येस ना?" (येते, अडखळत का होईना.) गठ्ठ्यातली वरची प्रत धुळीने पार मळलेली, म्हणून त्याने मला खालची काढून दिली. समीक्षा वगैरे दूरच.

आणि त्याच चर्चेत खानदेशी लेखकांची यादी करताना नंदुरबार कुणीच धरलं नाही, ते जास्त खटकलं. भिल्ल समाजातून आलेल्या वाहरू सोनवणे यांचा 'गोधड' हा कवितासंग्रह १९८७ चा. सातपुड्यातलं नवं लेखन शोधायचं तर आधी तो वाचा. दुकानात मागून मिळणार नाही कदाचित. जिल्ह्याच्या गावच्या जुन्या वाचनालयात विचारा.