मदत हवी आहे: ज्वलनाच्या गणितात ४० मिली वायू हरवलाय

लेक अकरावी सायन्सला आहे. काल रात्री साडेदहापर्यंत आम्ही दोघी एकाच गणिताशी झटापट करत बसलो होतो. मी बीकॉमवाली, तेव्हा हसू नका.

गणित असं: १० मिली वायुरूप हायड्रोकार्बन (फक्त कार्बन आणि हायड्रोजनचं संयुग) ८० मिली ऑक्सिजनमध्ये मिसळून पेटवला. खोलीच्या तापमानाला थंड केल्यावर ६० मिली उरले. कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणाबरोबर हलवल्यावर ३० मिली. रेणुसूत्र काढा.

पोटॅश कार्बन डायऑक्साइड शोषतं, म्हणजे तो ३०. उरलेला ३० ऑक्सिजन, म्हणजे जळताना ५० खर्च झाला. त्यातले ३० कार्बनकडे गेले, राहिले २० हायड्रोजनकडे, त्यांची पाण्याची वाफ ४०. म्हणून कार्बन ३, हायड्रोजन ८. प्रोपेन! पुस्तकातलं उत्तरही तेच.

पण ताळा करून पाहिला तर ३० + ४० + ३० = १००. गणितात मात्र ६०. क्लासमध्ये विचारलं तर 'सूत्रात घाल आणि पुढे चल'. मला हिशेब जुळल्याशिवाय झोप येत नाही हो. ४० मिली गेले कुठे?

प्रतिसाद:
ताई, तुमचा हिशेब चोख आहे. 'खोलीच्या तापमानाला' हे शब्द तेवढे निसटले. तिथे वाफेचं पाणी होतं. ४० मिली वाफेचं पाणी किती? साधारण ०.०३ मिली. ड्रॉपरचा एक थेंबही भरत नाही, नळीच्या काचेवर नुसता दमटपणा दिसेल. म्हणून ते शून्य धरतात.

आधीचे ९० होते त्याचे १०० कसे झाले, हेही खटकेल. वस्तुमान जुळावंच लागतं, आकारमान नाही. प्रोपेन १ आणि ऑक्सिजन ५ मिळून ६ भाग, त्यातून कार्बन डायऑक्साइड ३ आणि वाफ ४, म्हणजे ७. मिलीचे आकडे थेट मोलसारखे, म्हणजे रेणूंच्या संख्येसारखे, वापरता येतात ते तापमान आणि दाब सारखेच असतील तर. ही अ‍ॅव्होगाड्रोची १८११ सालची कल्पना.

धागाकर्ती:
अरे देवा, दमटपणा! आता पुढचं. १० मिली वायू, ऑक्सिजन भरपूर, १५०° सेल्सिअसला जाळला तर एकूण आकारमान बदललंच नाही. थंड केल्यावर (सगळी मापं एकाच तापमानाला धरून) २० मिलीने घटलं. लेक म्हणते मिथेन.

प्रतिसाद:
मिथेन असू शकतो, पण इथिलीनही चालेल आणि प्रोपाइनही. वाफ धरून आकारमान जसंच्या तसं राहिलं की हायड्रोजन ४. घटलेले २० म्हणजे वाफच, तीही पुन्हा हायड्रोजन ४ एवढंच सांगते. कार्बनबद्दल दोन्ही आकडे मुके. खाली पोटॅशची ओळ आहे का बघा.

धागाकर्ती:
आहे. पान उलटल्यावर. 'पोटॅशनंतर आणखी २० मिली घट.' म्हणजे कार्बन २, इथिलीन. लेकीने पान उलटलंच नव्हतं, आणि मीही नाही.