मदत हवी आहे: डोक्याला लावायचं औषध सुरू केल्यापासून केस जास्तच गळतायत

केळीबाग_यावल:
डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध रोज दोनदा लावतोय. ५ आठवडे झाले. गळती थांबायची सोडून आता मूठ-मूठ केस हातात येतायत, न्हाणीच्या जाळीत गुंता बसतो. सकाळी उशी बघवत नाही. डॉक्टर इकडे पंधरा दिवसांतून एकदाच येतात. बंद करू की चालू ठेवू, एवढंच सांगा. झोप उडालीय.

तापीकाठ:
भाऊ, औषध कोणतं? किती टक्के? वय? चाई पडलीय की टाळू विरळ होतेय?

केळीबाग_यावल:
मिनॉक्सिडिल ५ टक्के. वय ३१. भोवऱ्यापाशी विरळ. वडिलांचंही असंच गेलं. आता तरी सांगा.

भुसावळ_जंक्शन:
बंद करू नका! मलाही तिसऱ्या आठवड्यापासून असेच गेले, बाटली फेकायलाच निघालो होतो. झोपेत असलेला जुना केस या औषधाने लवकर सुटतो आणि त्याच मुळातून नवा उगवतो. दोनेक महिन्यांत गळती ओसरली, चौथ्या महिन्यात बारीक लव दिसली. एका वेळी १ मिली, कोरड्या डोक्याला, केसांवर नाही तर कातडीवर. आणि मध्येच सोडू नका. भावाच्या लग्नाच्या गडबडीत मी सोडलं, तर ४ महिन्यांत होते ते सगळे गेले. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

माका_तेल:
कायले ह्या बाटल्या लावता भो? बांधावर माका उगवतो फुकट. तिळाच्या तेलात लोखंडी कढईत उकळा आणि रात्री चोळा. आमच्या आजीचे केस शेवटपर्यंत कमरेखाली होते. बोअरचं खारं पाणी डोक्यावर घेणं आधी थांबवा, खरं मूळ ते आहे.

तापीकाठ:
आजीला पुरुषी टक्कल नव्हतं ना. खाऱ्या पाण्याने केस राठ होतात, तुटतात, पण भोवरा उघडा पडत नाही. तेल चोपडलेल्या डोक्यावर औषध नीट मुरतही नाही.

माका_तेल:
माझ्या साडूच्या छातीत धडधड व्हायची हेच लावून. मुळात हे बीपीचं औषध आहे, हे का सांगत नाही कोणी?

भुसावळ_जंक्शन:
बीपीच्या गोळीतूनच आलंय, खरं आहे. धडधड, चक्कर किंवा पायांना सूज आली तर थांबवून डॉक्टर गाठायचा. त्यासाठी सगळ्यांनी सोडायचं का?

एरंडोलची_लेक:
मला बाळंतपणानंतर तिसऱ्या महिन्यात असेच गेले होते. डॉक्टरांनी थायरॉईड आणि रक्तातलं लोह तपासलं. काही न लावता वर्षाच्या आत परत आले.

धुळे_फार्मासिस्ट:
ताई, तो प्रकार वेगळा. यावलवाले दादा, मी मेडिकलवर बसते म्हणून विचारते. बाटलीवर नुसतं मिनॉक्सिडिलच आहे का? जसंच्या तसं वाचून लिहा.

केळीबाग_यावल:
मिनॉक्सिडिल ५ टक्के आणि फिनास्टेराइड ०.१ टक्का. चिठ्ठीत पहिलंच होतं. ती बाटली नव्हती म्हणून मेडिकलवाल्याने ही दिली, जास्त चांगली आहे म्हणाला. फरक पडतो का? भोवरा मला दिसत नाही, रात्री मिसेसच बोटाने लावून देते. तिला चौथा महिना आहे, तिला तरी किती दिवस त्रास देऊ, म्हणून विचारतोय.

धुळे_फार्मासिस्ट:
दादा, आत्ताच थांबा. वहिनींचा हात त्या बाटलीला लागता कामा नये. पोटात मुलगा असेल तर फिनास्टेराइडमुळे त्याच्या जननेंद्रियांच्या वाढीत अडथळा येऊ शकतो. ते कातडीतून मुरतं, म्हणून गरोदर बाईने ते हाताळूच नये. बोटांतून किती गेलं असेल हे इथे कोणी सांगू शकणार नाही. उद्याच बाटली घेऊन दोघं बाळंतपणाच्या डॉक्टरांकडे जा. चिठ्ठीबाहेरची बाटली मेडिकलवाल्याने द्यायलाच नको होती.

माका_तेल:
तेलाचं राहू द्या. आधी वहिनींना दाखवून आणा भो.

रावेर_शिवार:
घाण्याचं तिळाचं तेल भुसावळला कुठे मिळेल?

केळीबाग_यावल:
जाऊन आलो. मॅडमनी बाटली बघितली, नोंद करून घेतली. पाचव्या महिन्याची सोनोग्राफी नीट बघू म्हणाल्या. मिसेस धीराची आहे, मलाच रात्रभर डोळा लागला नाही. त्वचेच्या डॉक्टरांना फोन केला, चिठ्ठीतलंच औषध चालू ठेवा म्हणाले. केस अजून गळतायत, पण ते आता बघता येईल. भोवऱ्यावर स्वतःचं स्वतः कसं लावता?

भुसावळ_जंक्शन:
आरशासमोर बसा, मोबाइल मागे टेकवून समोरचा कॅमेरा चालू करा म्हणजे आरशात स्क्रीनवर भोवरा दिसतो, डाव्या हाताने भांग पाडा, उजव्या हाताने ड्रॉपर. आठ दिवसांत हात बसतो. नंतर हात साबणाने धुवा आणि डोकं वाळल्याशिवाय उशीला टेकू नका.

धुळे_फार्मासिस्ट:
आणि अभ्रा वेगळा ठेवा. सोनोग्राफी झाली की इथे कळवा.