अनुभव धागा : ठोकळे जोडून स्वयंचलित केलेली कामे

रोजची कामे आपोआप व्हावीत म्हणून कोड न लिहिता पडद्यावर ठोकळे (एकेका कृतीची तयार चौकट) जोडण्याची साधने आता पुष्कळ आहेत. आयबीएममध्ये २०१३ साली जन्मलेले नोड-रेड, आयफोनवर २०१८ मध्ये आलेले शॉर्टकट्स, अँड्रॉइडवरील टास्कर ही त्यांपैकी परिचित नावे. नागपूरकरांनी आपले अनुभव लिहावेत. साधनाचे नाव नसले तरी चालेल, पण नेमके कुठे अडले ते अवश्य लिहावे.

गांधीबाग, कापड व्यापार
बँकेचे जमा-संदेश वाचून तारीख व रक्कम तक्त्यात भरणारी मांडणी पुतण्याने करून दिली. त्याच्या फोनवर ती चाले, माझ्या फोनवर मात्र तारखेपाशीच थांबे. माझ्या फोनची भाषा मराठी असल्यामुळे आजची तारीख देवनागरी अंकांत येत होती, संदेशातली इंग्रजी अंकांत होती, आणि तुलनेच्या ठोकळ्याला ‘५’ आणि ‘5’ निरनिराळे वाटत होते. एका ठोकळ्यातून दुसऱ्यात काय जाते, हे दाखवण्याची सोयच त्या साधनात नव्हती. अखेर प्रत्येक अंक बदलणारा स्वतंत्र ठोकळा लावला. काम होते, पण ती रांग पाहवत नाही.

मानेवाडा
पारा ४५ अंशांवर गेला की कूलरचा पंप ठरावीक वेळ चालून थांबावा आणि टाकीतले पाणी कमी असल्यास सुरूच होऊ नये, एवढीच अपेक्षा होती. ‘नाहीतर जर’ (पहिली अट न जुळल्यास पुढची तपासणारा) असा ठोकळा नसल्याने अटीच्या पोटात अट घालत जावे लागले आणि आराखडा पडद्याबाहेर गेला. वीज जाऊन आली की पंप चालू होता की बंद, याची नोंदही पुसली जाई. तेच काम पायथन या संगणकभाषेच्या मोजक्या ओळींत बसले. शिवाय जुनी आणि नवी प्रत शेजारी ठेवून काय बदलले ते पाहता येते, जे ठोकळ्यांत मला कधीच जमले नाही.

खापरी
कार्यालयात पोहोचताच फोन मूक व्हावा, एवढेच हवे होते. बॅटरी वाचवणारी व्यवस्था ते अ‍ॅपच बंद करते, आणि फोन नेमका बैठकीत वाजतो.

प्रतापनगर
पायथनचा सल्ला ज्याला ते येते त्याच्यासाठी योग्य आहे. सासूबाईंना औषधांच्या वेळा मोठ्याने सांगणारी मांडणी मी ठोकळ्यांतच केली आणि ती बिनतक्रार चालते. फोन बदलताना मात्र ती पुन्हा हाताने रचावी लागली. माझ्या साधनात ती मजकूर म्हणून जतन होत नाही. असे जतन करू देणारे साधन कोणी वापरत असल्यास कृपया लिहावे.